५ वर्षांची मुलगी आणि ६३ वर्षांच्या आजी बरोबर असताना हरिश्चंद्रगड: पाचनईच्या वाटेने कसं जायचं

कल्याणच्या एका कुटुंबाचा प्रश्न आलाय. नवरा-बायको, ९ वर्षांचा मुलगा, ५ वर्षांची मुलगी आणि ६३ वर्षांच्या सासूबाई. दिवाळी झाली की हरिश्चंद्रगडला जायचंय, आधी कोणीच ट्रेक केलेला नाही, सासूबाईंना केदारेश्वराचं दर्शन हवंय आणि मुलाने कुठेतरी कोकणकड्याचा व्हिडिओ बघितलाय म्हणून त्याला तो बघायचाय. जमेल का, कुठून चढायचं, काय काय सांभाळायचं असं विचारलंय.

जमेल. मी १८ वर्षं झाली, घरची मंडळी आणि शाळेची मुलं सह्याद्रीत फिरवते, आणि पाचनई या पायथ्याच्या गावातून जाणाऱ्या वाटेने ६ वर्षांच्या मुलांना आणि सत्तरीच्या आज्यांना वर नेऊन व्यवस्थित खाली आणलंय. पण पाचनईच, हे आधी पक्कं करा. खिरेश्वरहून तोलारखिंडीतून जी वाट येते ती सुंदर आहे पण लांब आहे, सरावाच्या माणसाला चार-पाच तास लागतात, मध्ये कातळाचे टप्पे आहेत आणि वर पोचलो पोचलो वाटलं की पुढे अजून एक टेकाड दिसतं, तिथे लहान मुलं हमखास रडकुंडीला येतात. नळीची वाट तर दोर वापरणाऱ्यांची आहे, तिचे व्हिडिओ बघून घाबरू पण नका आणि मोहात पण पडू नका. पाचनईहून देवळापर्यंत साधारण ३ किलोमीटर, मोठी माणसं दीड-दोन तासात जातात, तुम्ही तीन धरा. साडेतीन लागले तरी काही बिघडत नाही, फक्त तेवढा वेळ सकाळी हातात पाहिजे.

आता निघायच्या आधीचं. तीन आठवडे तरी आधी सगळ्यांनी मिळून एकदा कान्हेरीला जाऊन या. कल्याणहून जवळ आहे, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात (सोमवारी बंद असतं), शंभराच्या वर लेणी आहेत आणि कातळातच खोदलेल्या पायऱ्या आहेत, झिजलेल्या, कमी-जास्त उंचीच्या. सासूबाईंचा गुडघा उतरताना काय म्हणतो ते तिथे कळेल. चढताना दम लागतो तो पाच मिनिटं बसलं की जातो, पण गुडघा उतरताना दुखायला लागला की बसून जात नाही, आणि हरिश्चंद्रगडावर उतरणं हे दिवसाच्या शेवटी येतं जेव्हा सगळे दमलेले असतात. कान्हेरीच्या पायऱ्या उतरताना त्यांना आडवं पाऊल टाकावं लागलं किंवा दर पायरीला दोन्ही पाय जुळवावे लागले तर गडावर त्यांना नेऊ नका, त्यांच्यासाठी दुसरा बेत आहे, शेवटी सांगते.

जायचं कसं तर कसारा, इगतपुरी, घोटी, मग भंडारदऱ्याच्या बाजूने राजूर आणि राजूरहून पाचनई. कल्याणहून पहाटे निघून त्याच दिवशी चढू असा विचार बरेच जण करतात आणि माझ्या अनुभवात निम्मी कुटुंबं तिथेच फसतात, कारण घाटात मुलांना उलट्या होतात, नाश्त्याला थांबणं होतं, पाचनईत पाय ठेवेपर्यंत ११ वाजतात, आणि मग ऐन उन्हात चढायचं, वर पोचून घाईघाईत दर्शन, आणि उतरताना अंधार. आदल्या दिवशी आरामात या, पाचनईत गावकऱ्यांच्या घरी राहायची-जेवायची सोय होते, लवकर झोपा आणि सकाळी ७ ला चालायला लागा. वनखात्याच्या चौकीवर नोंद आणि प्रवेशाची पावती असते ती घ्या, हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

आणि गावातला एक माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्या. वाट सोपी आहे मग कशाला असं वाटेल, पण तुम्ही पाच जण आहात आणि त्यातल्या तिघांना कोणाचा तरी हात लागणार आहे, म्हणजे मोकळा हात कोणाचाच नाही. वाटाड्या आजींची सॅक घेतो, धुकं आलं तर वाट चुकू देत नाही, कुठल्या ओढ्याला पाणी आहे ते त्याला माहीत असतं. हा आदिवासी पट्टा आहे, बहुतेक घरं महादेव कोळी समाजाची, आणि या लोकांना डोंगर जेवढा कळतो तेवढा आपल्याला दहा वेळा येऊन पण कळत नाही. पैसे आधी बोलून घ्या आणि ठरलेले नीट द्या, वर जाऊन घासाघीस करू नका.

वाट अशी आहे. गावातून थोडी झाडी, चढण, मग तुम्ही एका उंच कड्याच्या पायथ्याला येता आणि तिथून पुढे वाट कड्याच्या पोटातूनच जाते, एका बाजूला कातळाची भिंत, काही ठिकाणी डोक्यावर आलेली, आणि दुसऱ्या बाजूला दरी. जिथे अरुंद आहे तिथे रेलिंग लावलंय. मग ओढा लागतो, ओढ्याच्या काठाकाठाने आणि मोठमोठ्या कातळावरून चालत तुम्ही वरच्या पठारावर येता आणि झाडीतून देऊळ दिसतं. मुलांना खरी मजा येते ती या ओढ्यापाशी. दिवाळीनंतर धार बारीक झालेली असते, कातळात गोल गोल रांजणखळगे असतात, त्यात पाणी साठलेलं, त्यात किडे पळत असतात. तिथे अर्धा तास द्याच. मोठ्यांना वाटतं गड वर आहे, चला चला, पण ५ वर्षांच्या मुलीला ट्रेक म्हणून आठवणार आहे तो हाच खळगा.

कातळावर चालणं मात्र शिकवावं लागतं आणि हे मी जरा तपशीलात सांगते कारण मी पाहिलेले बहुतेक अपघात साध्या, रुंद, उतरत्या कातळावर झालेत, कड्याच्या टोकावर नाही. टोकावर माणूस आपोआप जपून असतो. कोरडा खडबडीत करडा कातळ ही सह्याद्रीतली सगळ्यात भरवशाची जमीन आहे, त्यावर बूट चिकटतो. पण त्याच कातळावर जिथून पाणी झिरपतं तिथे काळा पट्टा दिसेल, लांबून नुसता ओला वाटतो, हात लावला तर बोटाला बुळबुळीत लागतं, ते शेवाळ आहे आणि त्यावर कुठलाही बूट टिकत नाही, हजाराचा पण नाही आणि दहा हजाराचा पण नाही. मी मुलांना सुरुवातीलाच खाली बसवून दोन्हीवर तळहात फिरवायला लावते, एकदा करड्यावर एकदा काळ्यावर. एकदा हाताला कळलं की मग दिवसभर तीच आपल्याला ओरडून सांगतात, काळा आला काळा आला. दुसरं, उतरत्या कातळावर पसरलेला बारीक मुरूम. पायाखाली ज्वारी सांडल्यासारखं होतं. तिथे पाऊल छोटं, टाच आधी न टेकवता पूर्ण तळवा एकदम टेकवायचा, गुडघे थोडे वाकलेले आणि अंग मागे टाकायचं नाही. घाबरलेला माणूस मागे रेलतो आणि तसाच घसरतो, हे सासूबाईंना आधी समजावून सांगा आणि सपाटीवर करून दाखवा. बसून सरकायचं असेल तर खुशाल सरका, त्यात कमीपणा काही नाही, फक्त पँट जाड हवी.

मुलांचा हात धरताना बोटं धरू नका, मनगट धरा. घामाने बोटं निसटतात. मूल नेहमी भिंतीच्या बाजूला आणि मोठं माणूस दरीच्या बाजूला. चढताना मोठ्याने मुलाच्या मागे, उतरताना मुलाच्या पुढे म्हणजे खालच्या अंगाला राहायचं, थोडक्यात मूल घसरलं तर तुमच्याकडे आलं पाहिजे. रेलिंगला हात लावा पण भार टाकू नका, पावसाने गंजलेलं असतं आणि कधी कुठला खांब हलतोय सांगता येत नाही.

आणि उतरताना मुलीला खांद्यावर घेऊ नका. हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या बरोबरच्या एका वडिलांनी, चांगला धडधाकट माणूस, दमलेल्या मुलाला खांद्यावर बसवलं, मी पुढे दुसऱ्या मुलांबरोबर होते, माझं लक्ष नव्हतं, आणि खांद्यावर मूल असल्यामुळे त्यांना स्वतःचे पाय दिसत नव्हते. पाऊल एका सुट्या दगडावर पडलं, घोटा वळला. मूल बचावलं कारण त्यांनी त्याला सोडलं नाही, पण स्वतः गुडघ्यावर आदळले आणि उरलेली वाट आम्ही चौघांनी त्यांना धरून धरून साडेतीन तासात उतरवली, शेवटचा पाऊण तास बॅटरीच्या उजेडात. तेव्हापासून मी सगळ्यात मागे चालते, आणि मूल दमलं की पूर्ण गटच थांबतो. अगदीच उचलायची वेळ आली तर पाठीला घट्ट बांधलेली बेबी कॅरियर सॅक किंवा ओढणीने पाठुंगळी बांधलेलं मूल, म्हणजे दोन्ही हात मोकळे आणि पाय दिसतायत. ५ वर्षांची मुलगी जड होते, म्हणून तिचं दमणं आधीच ओळखायचं. मुलं दमलो असं म्हणत नाहीत, ती चिडचिड करतात नाहीतर एकदम गप्प होतात, गप्प झाली की समजायचं साखर संपली. तेव्हा गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, काहीतरी तोंडात घाला आणि दहा मिनिटं बसा. दिवाळीची चकली आणि शंकरपाळे यासारखा खाऊ नाही, चुरा झाला तरी संपतो.

पाणी मोठ्यांना प्रत्येकी २ लिटर, मुलांना १ लिटर, आणि ओआरएसची चार पाकिटं. शनिवार-रविवारी वाटेत गावातल्या बायका लिंबू सरबत, ताक घेऊन बसतात, जरूर घ्या, पण त्यांच्या भरवशावर रिकामी बाटली घेऊन निघू नका. बूट ट्रेकिंगचेच हवेत असं नाही, तळाला खोल खाचा असलेले आणि घरात आठवडाभर वापरलेले हवेत. मुलांचे शाळेचे बूट नकोत, तळ गुळगुळीत असतो. नवे कोरे बूट डोंगरावर पहिल्यांदा घातले की फोड ठरलेला. सासूबाईंना हातात काठी, साडीऐवजी पंजाबी ड्रेस, आणि त्या रोजची जी गोळी घेतात ती सकाळी विसरायची नाही, प्रवासात हमखास राहून जाते.

वर पोचल्यावर आधी देऊळ. हरिश्चंद्रेश्वराचं हे देऊळ सगळं दगडी आहे, कोरीव शिखर आहे, चांगदेवांनी इथे तप केलं असं मानतात आणि आवारात शिलालेख आहेत, मुलाला अक्षरं बोटाने न घासता नुसती बघायला सांगा. देवळासमोर पुष्करणी आहे, काठाला ओळीने कोनाडे. तिच्यात उतरू देऊ नका, पायऱ्यांना शेवाळ असतं. देवळाच्या बाजूला जरा खाली उतरलं की केदारेश्वराची गुहा. मधोमध साधारण पाच फुटांचं शिवलिंग, चौफेर पाणी, आणि वर छताला आधार द्यायला चार खांब होते त्यातला एकच अखंड उरलाय. चार युगांचे चार खांब, शेवटचा कलियुगाचा, ही कथा आजीच नातवंडांना सांगतील. पाणी मोठ्यांच्या कमरेला लागतं आणि भर उन्हाळ्यात पण बर्फासारखं असतं. भाविक त्यातून प्रदक्षिणा घालतात. सासूबाईंचा आग्रह असेल तर दोन्ही बाजूंनी दोन जणांनी धरून जा, तळ दिसत नाही आणि ओबडधोबड आहे. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर काठावरूनच नमस्कार करा, अंग तापलेलं असताना एवढ्या गार पाण्यात एकदम उतरणं बरं नाही. मुलीचे पाय काठाशी बुडवा, बास. आणि एक छोटा नॅपकिन पाय कोरडे करायलाच ठेवा, ओल्या पायावर मोजे चढवले की उतरताना टाचेला फोड येतात आणि मग सगळा दिवस त्या एका फोडाभोवती फिरतो.

गुहेच्या बाहेर जिथे कातळ फुटलाय तिथे मुलाला नीट बघायला सांगा, काळ्या दगडात कुठे कुठे पांढरे चमकणारे खडे बसलेले असतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्यातले वायूचे बुडबुडे अडकले, आणि नंतर पाण्यातून आलेली खनिजं त्या पोकळ्यांमध्ये हळूहळू जमली. म्हणूनच समोरच्या डोंगरांना पण आडव्या पट्ट्या दिसतात, एक पट्टी म्हणजे लाव्हाचा एक लोट. ९ वर्षांच्या मुलाला हे सगळं कळतं. खडा उकरून घरी मात्र आणायचा नाही, अभयारण्य आहे.

मग कोकणकडा. देवळापासून अर्धा तास, सपाट चाल. आतल्या बाजूला वळलेला, घोड्याच्या नालेसारख्या आकाराचा कडा आहे आणि धारेपासून खाली हजार फुटांहून जास्त सरळ काहीच नाही. कड्यापासून वीस-पंचवीस पावलं अलीकडे गट थांबवा, सॅक तिथेच ठेवा, पाणी प्या, आणि मग एका वेळी एक मूल आणि एक मोठा माणूस, शेवटची काही पावलं रांगत आणि टोकाला पोटावर झोपून बघायचं. मोठ्यांनी सुद्धा. तोवर बाकीच्यांनी मागे बसून राहायचं, उठायचं नाही. आजींनी लांबूनच बघितलं तरी कोकण दिसतं. खालून वारा जोरात वर येतो, टोपी उडाली तर उडू द्या, तिच्यामागे हात जाऊ देऊ नका. उभं राहून सेल्फी नाही, नियम सगळ्यांना एकच. ज्या दिवशी धुकं असेल त्या दिवशी वाटाड्या नाही म्हणाला तर नाही, कारण पठार कुठे संपतं ते धुक्यात दहा फुटांवरून पण कळत नाही.

मुलाला इंद्रवज्राचं पण सांगून ठेवा. सकाळी ऊन पाठीमागून आणि समोर दरीत ढग असले तर पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसतं आणि मधोमध आपलीच सावली. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इथूनच ते बघितल्याची नोंद आहे. दिवाळीनंतर दरीत ढग कमी असतात, त्यामुळे दाखवायचं वचन देऊ नका, नाहीतर एवढा मोठा कडा समोर असून पोरगं हिरमुसतं.

तारामती शिखर सोडा. गडावरचं सगळ्यात उंच ठिकाण आहे, १४०० मीटरच्या वर, पण जाऊन यायला तुम्हाला दोन तास लागतील आणि ते दोन तास उतरण्याच्या वेळेतून जातात. सूर्यास्त पण सोडा. कडा पश्चिमेला आहे त्यामुळे सूर्यास्त अप्रतिम दिसतो हे खरं, पण नोव्हेंबरात सहाला सूर्य बुडतो आणि कड्याच्या पोटातल्या वाटेवर त्याच्या आधीच काळोख व्हायला लागतो. माझं गणित असं आहे, १० ते साडेदहाला देवळाशी, १२ पर्यंत कडा बघून परत, जेवण, आणि दीडला उतरायला सुरुवात, कितीही रमलात तरी २ च्या पुढे नाही. आणि ११ वाजले तरी देवळाशी पोचला नसाल तर कोकणकडा रद्द, दर्शन घेऊन जेवून खाली. हे आदल्या रात्री मुलाच्या समोरच ठरवा. वर गेल्यावर ठरवायला बसलात तर त्याचं तोंड बघून तुम्ही पाघळणार. टॉर्च तरीही प्रत्येकाकडे हवा, मोबाइलचा नको, मोबाइल हातात धरला की तो हात गेला.

प्राण्यांबद्दल थोडंसं. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळं असतात, त्यामुळे सेंट-अत्तर लावून येऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहायचं नाही, मुलाला ओढणी-जॅकेटखाली घेऊन आल्या वाटेने लांब निघायचं, दरीच्या बाजूला नाही. फुरसं हा विषारी साप दगडांच्या फटीत असतो, म्हणून बसायच्या आधी काठी आपटा आणि न दिसणाऱ्या फटीत हात घालू नका. काही चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करायचं नाही, पाय हलू न देता माणसाला उचलून खाली आणायचं आणि थेट राजूरकडे, १०८ ला फोन लावत. रेंजचा भरवसा धरू नका, गावात निघताना कोणालातरी किती वाजता परत येणार ते सांगून ठेवा.

पावसाळ्यात येऊ का असंही पुढे विचाराल. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या कुटुंबाने नको. ओढे फुगतात, कातळ सगळाच काळा पट्टा होतो. सप्टेंबरच्या शेवटी सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, पठार पिवळं-जांभळं होतं, पुढच्या वर्षी मुलं सरावली की तेव्हा या.

आता सासूबाईंचं. कान्हेरीत गुडघ्याने नाही म्हटलं तर त्यांना पाचनईत एकटं बसवून वर जाऊ नका, त्यांच्या मनाला ते लागतं. एका मोठ्याने त्यांच्याबरोबर राहायचं आणि दोघांनी गाडीने रतनवाडीला जायचं, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठाला अमृतेश्वराचं जुनं देऊळ आहे, याच अभयारण्यातलं, चढण काही नाही, कोरीवकाम हरिश्चंद्रेश्वराच्या तोडीचं, आणि शेजारी पुष्करणी पण आहे. मग वर एकच मोठा माणूस आणि दोन मुलं राहतात, तेव्हा वाटाड्या दोन घ्या. आणि वर जाणारे असोत की रतनवाडीला जाणारे, सकाळी निघतानाच यजमानीणबाईंना किती भाकऱ्या लागतील ते सांगून जा, संध्याकाळी पाचला आल्यावर चूल पेटवायला लावू नका, आल्या आल्या गरम पिठलं समोर आलं की मुलं ताटावरच पेंगतात.